मुक्काम पोस्ट आटपाडी

आटपाडीच्या लॉजवर उतरणाऱ्या माणसाला काहीतरी काम असतं. कुणाला डाळिंब घ्यायचं असतं, कुणाला बकरी विकायची असतात, कुणाची कोर्टात तारीख असते, तर कुणाच्या भाच्याचं लग्न असतं. 'नुसतं गाव बघायला आलोय' असं काउंटरवर सांगितलं की समोरचा माणूस लिहिता लिहिता थांबतो आणि तोंडाकडे बघतो. रजिस्टरात 'येण्याचे कारण' असा रकाना आहे, त्यात लिहायचं काय, ही त्याची अडचण खरीच. 'बाजार लिहा,' मी म्हटलं. 'मग उद्याच्याला आलासा म्हना की,' असं म्हणून त्याने किल्ली पुढे सरकवली. शनिवार हा आटपाडीचा आठवडी बाजार. आदल्या संध्याकाळी आलेला पाहुणा बाजारालाच आला असणार, हे त्याच्या हिशेबात बसलं.

सांगली जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, सातारा आणि सोलापूरच्या शिवेवर हे तालुक्याचं गाव आहे. सांगलीहून शंभरेक किलोमीटर, पंढरपूरहून साठेक. रेल्वे गावात येत नाही; जवळचं सोयीचं स्टेशन मिरज-पंढरपूर मार्गावरचं सांगोला. बाकी सगळी मदार एसटीवर. आटपाडीला स्वतःचं आगार असल्याने गाड्यांची वाण नाही. पश्चिमेकडून येणाऱ्याने विट्याची वाट धरावी. विटा, खानापूर, मग भिवघाट आणि करगणी. भिवघाट मागे पडला की मुलूख बदललेला डोळ्यांना दिसतो. उसाची हिरवी पट्टी संपते, माळ लांबवर पसरतो आणि बाभळी, बोरी, नेपती दिसू लागतात. महाबळेश्वर इथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत आहे. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, इथे सरासरी पाचशेचाही आकडा गाठत नाही. सह्याद्रीने अडवलेल्या ढगांचा उरलासुरला वाटा घेऊन जगणाऱ्या या मुलखाला माणगंगा नदीवरून माणदेश म्हणतात.

लॉज बाजारपेठेतच आहे. खाली औषधांचं आणि मोबाइलचं दुकान, दोन्हींच्या मधून वर जाणारा अरुंद जिना, आणि जिना संपतो तिथे काउंटर. मागे सिद्धनाथाची तसबीर, तिला सकाळचा हार. बाजूला दरांचा फलक: सिंगल, डबल, आणि 'कॉमन'. कॉमन म्हणजे एका लांबट खोलीत ओळीने मांडलेल्या खाटा, पैसे खाटेचे. डबल खोली पाचशे ते हजारच्या दरम्यान पडते. पंखा घेतला तर कमी, एसी घेतला तर जास्त. मोठ्या शहरात दुपारी बारा वाजले की खोली सोडावी लागते. इथे चोवीस तासांचा हिशेब. संध्याकाळी सातला आलात तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत खोली तुमची. बाजाराला आलेल्या माणसाचं काम दुपारी उरकतं, मग तो येऊन अंघोळ करतो, पैसे मोजतो, तासभर पडतो आणि गाडी धरतो. चोवीस तासांचा नियम त्याच्यासाठीच आहे.

खोलीत प्लायवुडचा पलंग, रेक्झिनची गादी, त्यावर धुवून धुवून पातळ झालेली पांढरी चादर. भिंतीत खिळे भरपूर, कपाट नाही. मोरीत एक बादली, एक मग, आणि नळाला ठरल्या वेळी पाणी. गरम पाणी सोलरचं, सकाळी लवकर उठणाऱ्याच्या वाट्याला येणारं. पिण्याच्या पाण्याचा जार जिन्याजवळ ठेवलेला असतो. खिडकी रस्त्यावर उघडते, म्हणून आवाज येतोच. त्याबद्दल तक्रार करायची तर गावाबाहेर राहावं. साबणाची वडी मागावी लागते, टॉवेल आपला आपण आणलेला बरा. कुलूप मात्र दणकट आणि पितळी. इथे राहणाऱ्याच्या खिशात रोकड असते, आणि लॉजवाल्याला ते ठाऊक असतं.

आधार कार्डाची झेरॉक्स, मोबाइल नंबर, कुठून आलात, कुठे जाणार, ही चौकशी कितीही किरकोळ वाटली तरी तिला इतिहास आहे. इंग्रज सरकारने १८६७ साली सरायांसाठी कायदा केला. सराय चालवणाऱ्याने तिची नोंदणी करायची, खोल्या, विहिरी, गटारं साफ ठेवायची, राखणदार नेमायचा, दरांचा तक्ता लोकांना दिसेल असा लावायचा, आणि उतारूला साथीचा आजार झाला तर लगेच पोलीस ठाण्याला कळवायचं. ज्या झाडाच्या फांद्यांवरून चोर आत शिरू शकेल ते झाडसुद्धा तोडायचं, असं त्यात म्हटलं होतं. दरफलक, रखवालदार, पोलिसांना कळवणं हा सगळा सरंजाम दीडशे वर्षांपूर्वीच ठरून गेलेला आहे. परदेशी पाहुणा आला तर आज त्याची माहिती चोवीस तासांत सरकारला कळवावी लागते. करांचं म्हणाल, तर हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी नव्हता. १८ जुलै २०२२ पासून तो १२ टक्के झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला. ज्यांची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली आहे अशा लहान लॉजना तोही लावता येत नाही. म्हणून बिल मागताना जीएसटी नंबर आहे का, ते बघून घ्यावं.

शुक्रवारी रात्री लॉजची खरी कळा दिसते. जिन्यावर चपलांचा ढीग, व्हरांड्यात मोबाइल चार्जिंगला लावून उभी असलेली माणसं. कोकणातून आणि कर्नाटकातून बकरी घ्यायला आलेले व्यापारी, त्यांचे टेम्पोवाले, औषध कंपनीचा प्रतिनिधी, ठिबकच्या नळ्या विकणारा एक तरुण. हंगामात यांच्यात डाळिंबाचे परराज्यातले खरेदीदार आणि पॅकिंगवाले मिसळतात. ते महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतात आणि खोलीतच स्टोव्ह पेटवतात. लॉज कधी भरणार, हे सुट्ट्या बघून सांगता येत नाही. पंचांग बघावं लागतं. आषाढात मटणाला उठाव, श्रावणात लॉज रिकामं. बकरी ईदच्या आधी बोकडाला सोन्याचा भाव, तेव्हा खाटही मिळत नाही. कार्तिकात उत्तरेश्वराची यात्रा, पौषात खरसुंडीला सिद्धनाथाची. उत्तरेश्वर आटपाडीचं ग्रामदैवत, आणि त्याच्या यात्रेत शेळ्या-मेंढ्यांचा मोठा बाजार भरतो. खरसुंडी इथून जवळच. तिथली यात्रा खिल्लार बैलांसाठी प्रसिद्ध आहे. यात्रेच्या दिवसांत लॉज धरायचं तर आधी फोन केलेला बरा.

जेवायला लॉजमध्ये काही मिळत नाही. 'खाली खानावळ हाय, भाकरी गरम मिळंल,' एवढी माहिती किल्लीबरोबर मिळते. खानावळीत बाजरीची भाकरी, मटणाचा रस्सा वाटीत, सुकं ताटात, सोबत खर्डा आणि कांदा. शाकाहारी माणसाला मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कधी पिठलं. हंगाम आणि नशीब दोन्ही साथीला असतील तर हुलग्याच्या शेंगोळ्या. रस्सा तिखट असतो आणि कुणी 'कमी तिखट' असं विचारत नाही. ताट वाढणाऱ्या मावशींनी 'पावणं, आनखी अर्धी घ्या' म्हटलं की ती अर्धी घ्यावी. पुढची सकाळ लवकर सुरू होते आणि नाश्त्याची वेळ आपल्या हातात नसते.

पहाटे चारच्या सुमारास रस्त्यावर टेम्पो लागायला लागतात आणि मग गजर लावायची गरज उरत नाही. बकऱ्यांच्या बाजारात गर्दी उजाडण्याआधी असते. बॅटरीच्या उजेडात तोंडं उघडून दात बघितले जातात. दुधाचे दात असलेलं जनावर आदत, पुढचे दोन बदलले की दुदाती, मग चारदाती. वय कागदावर नसतं, जबड्यात असतं. मग गिऱ्हाईक पाठीवर हात ठेवून कणा चाचपतो, मांडीत बोटं रोवतो, जनावर उचलून अंदाज घेतो. व्यवहार बहुतेक उक्ता, वजनकाटा न लावता. मालक एक आकडा सांगतो, घेणारा त्याच्या निम्म्याने मागतो, आणि मधला दलाल दोघांचे हात एकमेकांच्या हातात कोंबत राहतो. जुन्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, म्हणजे बाजूच्याला कळू नये. ती रीत अजून थोडी टिकून आहे, पण आता बरेच व्यवहार उघड्यावर होतात आणि पैसे फोनवरून जातात. ठरलं की जनावराच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढायचा, बाजार समितीची पावती फाडायची, आणि दावं नव्या हातात द्यायचं. सात-आठ वाजेपर्यंत चांगला माल उठलेला असतो. नऊ वाजता आलेल्या प्रवाशाला फक्त लेंड्या आणि चहाच्या टपऱ्या दिसतात. बाजार बघायचा तर आदल्या रात्री गावात झोपण्यावाचून इलाज नाही, आणि लॉजचे पैसे त्यासाठीच मोजायचे.

या बाजारातलं सगळ्यांत देखणं जनावर म्हणजे माडग्याळी मेंढा. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून हे नाव पडलं. उंच पाय, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, लोंबते कान, आणि पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक. नाकाचा बाक जितका मोठा तितका भाव चढा. मांसाचा हिशेब इथे लागू पडत नाही. पैदाशीचा नर म्हणून आणि शौक म्हणून ही जनावरं घेतली जातात. २०२० च्या डिसेंबरात आटपाडी तालुक्यातल्या एका मेंढपाळाच्या माडग्याळी नराला सत्तर लाख रुपयांची मागणी आली आणि त्याने ती नाकारली, दीड कोटी सांगितले. बातमी देशभर गाजली. बाहेरच्यांना ती अतिशयोक्ती वाटली, पण बाजारात उभं राहिलं की यातलं गणित उमगतं. असा नर दारात असला की त्याच्या पिल्लांना मागणी येते, आणि मालकाला यात्रेत मान मिळतो.

हे वेड फक्त माणदेशाचं नाही. पश्चिम आफ्रिकेत सेनेगलला लादूम जातीचे उंच, डौलदार मेंढे असेच घराच्या गच्चीवर वाढवले जातात आणि लाखांच्या भावाने विकले जातात. तिथे बकरी ईदला तबास्की म्हणतात. त्या सणाआधी माली आणि मॉरिटानियातून कळपच्या कळप सेनेगलच्या बाजारात उतरतात आणि बाजारगावांतली साधी निवासगृहं व्यापाऱ्यांनी भरून जातात. मालीतल्या जेन्ने गावाचा सोमवारचा बाजार जगप्रसिद्ध आहे. तिथेही बाजार बघायचा म्हणून प्रवासी पूर्वी रविवारी रात्रीच गावात येऊन राहत. साहेलच्या कोरड्या पट्ट्यातले फुलानी मेंढपाळ पाऊस संपला की कळप घेऊन दक्षिणेकडे सरकतात आणि शेतकऱ्यांच्या रानात जनावरं बसवून त्या खताच्या बदल्यात धान्य घेतात. आपले धनगर पावसाळा संपला की माणदेशातून निघून कृष्णाकाठाला, कोकणाच्या बाजूला उतरतात आणि रानात मेंढ्या बसवून तेच करतात. पाऊस कमी, माळ मोठा, पीक बेभरवशाचं, अशा मुलखात माणसाची पुंजी चार पायांवर चालणारी असते. तिला पाण्याकडे नेता येतं आणि अडीनडीला बाजारात उभी करता येते. असा मुलूख जगात कुठेही असो, त्याच्या मध्यावर एक बाजारगाव असतं आणि त्या गावात एक साधं लॉज.

बकऱ्यांचा बाजार ओसरला की भाजीपाल्याचा, कपड्यांचा, अवजारांचा सुरू होतो. विळे, कुऱ्हाडी, दावी, घुंगरं, घोंगड्या. हातमागाची खरी घोंगडी हवी असेल तर लोकर हाताला बोचते का, ते बघावं. मऊ लागली तर तिच्यात दुसरा धागा आहे. सनगर विणकरांनी विणलेलं जेन, म्हणजे लोकरीचं अंथरूण, जाड, टोचणारं आणि वर्षानुवर्षं टिकणारं असतं. दुपारी डाळिंबाच्या सौद्यांकडे जाता येतं. आटपाडीची बाजार समिती डाळिंबासाठी नावाजलेली आहे. क्रेटच्या थप्प्या, त्यातून निवडून वर मांडलेली लालभडक भगवा जातीची फळं, आणि अडत्याच्या मागे सरकणारा व्यापाऱ्यांचा घोळका. एका थप्पीचा भाव मिनिटभरात ठरतो आणि शेतकरी पट्टी घेऊन बाजूला होतो. त्या मिनिटामागे वर्षभराची मेहनत असते. बहार धरायचा म्हणून पाणी तोडायचं, पानगळ करायची, मग पाणी सोडायचं, आणि फळ हाती येईपर्यंत तेल्या रोग येऊ नये म्हणून रात्रंदिवस ढगांकडे बघायचं. कमी पाणी आणि कोरडी हवा ही माणदेशाची जुनी दुखणी डाळिंबाला मात्र मानवली.

पाण्याची गोष्ट इथे कुणाच्याही तोंडी लगेच येते. १९७२ चा दुष्काळ म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहे, २०१२-१३ च्या चारा छावण्या तरुणांच्याही. दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचं पाणी समान हिश्श्याने मिळावं म्हणून १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांनी ही चळवळ उभी केली. धरणाजवळच्या माणसालाच भरपूर पाणी, हा नियम त्यांनी मानला नाही. प्रत्येक कुटुंबाला जगण्यापुरतं पाणी, मग जमीन असो वा नसो, अशी त्यांची मागणी होती. कराडजवळच्या टेंभू गावापासून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून इकडे आणणारी टेंभू उपसा सिंचन योजना आता आटपाडीपर्यंत पोहोचली आहे. खिडकीतून दिसणारी ट्रॅक्टरची शोरूम, ठिबकची दुकानं, नवे बंगले यांचा या पाण्याशी थेट संबंध आहे.

बंगल्यांमागे आणखी एक कारण आहे. दुष्काळाने हुसकलेली खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात शिरली आणि देशभर पसरली. केरळपासून काश्मीरपर्यंत जिथे सराफ बाजार आहे तिथे गलाईवाला आहे, आणि तो बहुधा याच पट्ट्यातला आहे. सोनाराच्या दुकानातली माती, जुने दागिने, भट्टीतली राख यांतून सोनं-चांदी वेगळी काढायची आणि कस लावून परत द्यायची, हे त्यांचं काम. वर्षभर बंद असलेले त्यांचे दुमजली बंगले माळावर एकटे उभे दिसतात. यात्रेला आणि लग्नसराईत ते उघडतात. सोबतचे परप्रांतीय पाहुणे मग लॉजवर उतरतात, आणि काउंटरवर तमिळ आणि बंगाली बोलणं ऐकू येतं.

दुपारनंतर एक रिकामा वेळ उरतो, तो स्वतंत्रपूरसाठी ठेवावा. गावापासून थोड्याच अंतरावर ही कैद्यांची खुली वसाहत आहे. ती वसली तेव्हा आटपाडी औंध संस्थानात होतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्काराचा प्रसार करणारा, स्वतः चित्रं काढणारा संस्थानिक. १९३९ साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने आपला अधिकार सोडून संस्थानात लोकांचं राज्य आणलं. या प्रयोगात त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत होते आणि मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलिश इंजिनीअर होता. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसांना भिंतीशिवाय ठेवायचं, जमीन कसायला द्यायची आणि कुटुंबासह राहू द्यायचं, ही कल्पना त्यांनी इथे प्रत्यक्षात आणली. पुढे याच वसाहतीवरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. फ्रिडमन यांनीच नंतर मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत आणून जगापुढे ठेवली. स्वतंत्रपूर हा तुरुंगच आहे, तेव्हा परवानगीशिवाय आत जायचा आग्रह धरू नये. रस्त्यावरून दिसणारी कसलेली रानं आणि घरं पुरेशी आहेत.

वाचकाला आटपाडी बहुधा पुस्तकांतून माहीत असते. ग. दि. माडगूळकर १९१९ साली याच तालुक्यात शेटफळ्याला, आजोळी जन्मले. त्यांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर १९२७ साली माडगुळ्याला. १९५५ साली थोरल्याचं 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं आणि त्याच वर्षी धाकट्याची 'बनगरवाडी' आली. त्या कादंबरीत तालीम बांधली जाते आणि तिच्यासाठी राजा गावात येतो. व्यायामवेड्या पंतप्रतिनिधींची ओळख असली की तो प्रसंग वेगळाच वाचला जातो. माडगुळ्याला 'बामणाचा पत्रा' नावाची शेतातली खोली आहे, तिथे गदिमा लिहायला बसत. शंकरराव खरात हे तर आटपाडीचेच. वडील गावचे तराळ, म्हणजे गावकीची कामं करणारे महार. मुलगा वकील, लेखक आणि मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. त्यांच्या 'तराळ अंतराळ' या आत्मकथनातली आटपाडी आणि माडगूळकरांचा माणदेश एकाच मातीतले आहेत, पण दोन वेगळ्या उंबऱ्यांवरून पाहिलेले. गदिमा १९७३ ला यवतमाळच्या, व्यंकटेश माडगूळकर १९८३ ला अंबाजोगाईच्या आणि खरात १९८४ ला जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पाऊस ज्याच्या वाट्याला कमी आला त्या एका तालुक्याने तीन संमेलनाध्यक्ष दिले.

पुस्तकं वाचून आलेल्याला आजची आटपाडी थोडी अनोळखी वाटते, आणि तसं वाटणं बरंच आहे. 'बनगरवाडी'त दुष्काळ पडल्यावर वाडी उठून जाते. आज ज्याला राहायचं त्याच्यासाठी पाइपातून पाणी येतं आणि ज्याला जायचं त्याला गलाईचा धंदा आहे. वाड्या-वस्त्यांवरची गरिबी संपलेली नाही. बाजारात दोन कोकरं घेऊन दिवसभर उभी राहिलेली बाई तेवढं सांगून जाते. पण माणदेश म्हणजे फक्त सोसणारा मुलूख, ही समजूत इथल्या लॉजवर राहिल्यावर टिकत नाही. खोल्याखोल्यांतून रात्री उशिरापर्यंत भाव, गाड्या, उधारी आणि पावसाचा अंदाज हेच विषय ऐकू येतात. हा सौदा करणारा, जोखीम घेणारा मुलूख आहे.

जायचं असेल त्याच्यासाठी थोडं कामाचं. हिवाळा उत्तम, एप्रिल-मे महिन्यांत पंख्याच्या खोलीत झोप लागत नाही. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत पोचावं, खोली रस्त्याच्या बाजूची न घेता मागची मागावी, नळाची आणि गरम पाण्याची वेळ किल्ली घेतानाच विचारावी. खोली बघून मग पैसे द्यावेत; कुणी वाईट वाटून घेत नाही. कुटुंबासह जाणाऱ्यांनी बाजाराच्या आदल्या दिवसाचा गोंगाट लक्षात घेऊन आधी फोन करावा, आणि एकट्या जाणाऱ्या बाईने कॉमनच्या मजल्यापासून दूरची खोली मागून घ्यावी. सरकारी विश्रामगृहात राहायचं तर आरक्षण आधीच करावं लागतं आणि सरकारी पाहुणा आला की ते हातचं जातं. सुट्टे पैसे जवळ ठेवावेत. बाजारात फोटो काढण्याआधी जनावराच्या मालकाला विचारावं. दृष्ट लागते असं मानणारे पुष्कळ आहेत. रविवारी हाताशी वेळ असेल तर खरसुंडीचं सिद्धनाथाचं देऊळ, सातारा-सांगलीच्या शिवेवरचा इंग्रजी अमदानीतला राजेवाडीचा तलाव, आणि बाणूरच्या डोंगरावरचा भूपाळगड, यांतलं एखादं ठिकाण निवांत बघून होतं.

चादर पातळ आहे, पाणी वेळेवर सुटेलच असं नाही, आणि पहाटे चारनंतर झोपेची आशा सोडावी लागते. तरीही आटपाडी बघायची तर हेच लॉज योग्य आहे. गावाबाहेरच्या बऱ्या हॉटेलात उतरून सकाळी नऊला गाडीने आलेला माणूस आटपाडीतून गेला एवढंच म्हणता येईल. शुक्रवारी या, एक रात्र काढा, आणि शनिवारी उजाडायच्या आत बाजारात उभे राहा.